पंपिंग कमी असलेल्या रुग्णाची घरी देखरेख : काटा, वही आणि ती वाचणारा माणूस

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेले असते. त्याच्या चौकटींत दुधाच्या पिशव्यांचा हिशेब, गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख आणि त्याखाली बारीक अक्षरात वडिलांचे रोजचे वजन लिहिलेले असे. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचे पंपिंग ३० टक्क्यांवर आल्याचे निघाल्यानंतर डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितले होते आणि वडिलांनी त्यात एक दिवसही खाडा केला नाही. एका श्रावणात त्या चौकटींत ६१.२, ६१.४, ६१.९, ६२.३, ६३.०, ६३.८, ६४.५ असे आकडे ओळीने उमटत गेले. आठव्या रात्री ते अंथरुणावर उठून बसले, खिडकी उघडायला म्हणाले, आणि उजाडेपर्यंत आम्ही त्यांना अतिदक्षता विभागात दाखल केले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे कपडे न्यायला घरी आलो तेव्हा ते पान मी पहिल्यांदा नीट वाचले. आकडे अचूक होते, पण ते रोज वाचायचे कोणी आणि वाचून करायचे काय, हे आमच्या घरात कोणी ठरवलेलेच नव्हते.

वडिलांचा आजार हार्ट फेल्युअरचा, आणि हा लेख त्या ठरवण्याविषयी आहे. वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि ऑक्सिमीटर आता पुण्यातल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत असतात. नसते ती आकडा दिसल्यापासून गोळी बदलेपर्यंतची साखळी. ती कशी जुळवायची, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. गोळ्यांच्या मात्रा यात मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या प्रत्येक रुग्णाच्या मूत्रपिंडांवर आणि रक्तदाबावर अवलंबून असतात आणि त्या ठरवणे हे त्यांच्या डॉक्टरांचेच काम आहे.

वजनच का?

‘हृदय निकामी होणे’ हे हार्ट फेल्युअरचे मराठी भाषांतर घाबरवणारे आहे आणि दिशाभूल करणारेही, कारण या आजारात हृदय बंद पडलेले नसते. शरीराला लागेल तेवढे रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलते पण त्यासाठी आतला दाब अवाजवी वाढतो. पंपिंगचा आकडा ५५-६० टक्के, म्हणजे नेहमीसारखा, असूनही हृदयाचा स्नायू ताठर झाल्यामुळे हा आजार होऊ शकतो, विशेषतः वयस्क, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांमध्ये. तेव्हा ‘बाबांचे पंपिंग तर चांगले आहे’ म्हणून देखरेख सोडून देऊ नये. रक्तपुरवठा मंदावला, की शरीरात पाणीच कमी पडले आहे अशा समजुतीने मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. हे पाणी आधी नुसते साठते, मग पायांवर उतरते, पोटात जाते आणि शेवटी फुप्फुसांत भरते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, इतका साधा हा हिशेब आहे. रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याच्या निदान आठवडाभर आधीपासून वजन चढू लागते, असे अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासात दिसून आले आहे. दम लागणे हे बहुधा त्या वाटेवरचे शेवटचे स्थानक असते.

वजनाची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. काही रुग्णांत फारसे वजन न वाढताच फुप्फुसांतला दाब वाढतो, आणि ज्यांची भूक गेली आहे व स्नायू झिजत आहेत त्यांच्यात साठलेले पाणी त्या झिजेआड लपून जाते. म्हणून काट्याच्या जोडीला लक्षणांची नोंद लागतेच.

आकडे पाठवल्याने काय होते आणि काय होत नाही

आकडे दूरवर पाठवण्याची व्यवस्था उभी केली, की रुग्ण सुधारतात, असे अनेकांना वाटले होते. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या टेली-एचएफ या चाचणीत रुग्णांनी रोज एका स्वयंचलित दूरध्वनी यंत्रणेला फोन करून आपले वजन आणि लक्षणे सांगायची होती. सहा महिन्यांनंतर पुन्हा दाखल होण्यात किंवा मृत्यूंमध्ये काहीही फरक पडला नाही. त्यांतल्या १४ टक्के रुग्णांनी तर ती यंत्रणा एकदाही वापरली नाही, आणि शेवटच्या आठवड्यात आठवड्यातून तीनदा तरी फोन करणारे ५५ टक्केच उरले होते. याउलट जर्मनीतल्या टिम-एचएफ२ या १,५७१ रुग्णांच्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन, रक्तदाब, ईसीजी आणि ऑक्सिजन यांचे रोजचे आकडे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या केंद्रात पोहोचत होते आणि तेथे डॉक्टर व परिचारिका चोवीस तास बसलेले होते. त्या चाचणीत नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात दर १०० रुग्णवर्षांमागे, म्हणजे १०० रुग्णांमागे वर्षभरात या हिशेबाने, ११.३ मृत्यू झाले, तर देखरेखीखालच्या गटात ७.९. दोन्ही चाचण्यांत आणखीही बरेच फरक होते, हे मान्य. तरी माझ्या मते सर्वांत मोठा फरक पलीकडे कोण बसले होते हाच होता. शारिटेचे केंद्र आपण पुण्याच्या घरात उभारू शकत नाही, पण त्यातली शिस्त लहान प्रमाणात उचलता येते.

पहिले काम डिस्चार्जच्या दिवशीचे

घरी सोडताना नातेवाइकांचे सगळे लक्ष बिलावर आणि विम्याच्या मंजुरीवर असते. त्या गडबडीतही डॉक्टरांकडून किंवा त्यांच्या सहायकांकडून चार गोष्टी कागदावर लिहून घेतल्याशिवाय लिफ्टकडे जाऊ नये. पहिली गोष्ट ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी साठलेले नसतानाचे वजन. रुग्णालयातला काटा आणि घरचा काटा यांत एक-दीड किलोचा फरक सहज निघतो, त्यामुळे घरी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी घरच्या काट्यावर वजन करून तो आकडा डॉक्टरांना कळवावा आणि हाच आधार धरायचा का, हे विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट, वजन किती दिवसांत किती वाढले तर कळवायचे. तिसरी, तसे झाल्यास पाण्याची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइडसारखी लघवी वाढवणारी गोळी, घरच्या घरी वाढवायची मुभा आहे का, असल्यास किती आणि किती दिवस. चौथी, कोणत्या क्रमांकावर, कोणाला आणि कोणत्या वेळात फोन करायचा, आणि तो लागला नाही तर दुसरा क्रमांक कोणता.

पुढच्या तपासणीची तारीखही तेव्हाच ठरवावी, कारण डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ या चाचणीत सुरुवातीच्या आठवड्यांत वरचेवर तपासणी करून औषधे झपाट्याने पूर्ण मात्रेपर्यंत नेली, तेव्हा सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण २३.३ टक्क्यांवरून १५.२ टक्क्यांवर आले. ‘महिन्याने या’ असे कोणी म्हटले, तर ‘आठवड्या-दोन आठवड्यांत एकदा आणू का?’ असे नम्रपणे विचारायला हरकत नसते. ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या पथकाचे ओपीडीचे वार ठरलेले असतात, म्हणून केसपेपरवर आपल्या पथकाचा वार ठळक लिहून घ्यावा.

यंत्रे : साधी घ्यावीत, पण पारखून

काटा डिजिटल असावा, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा असावा आणि त्याचे आकडे इतके मोठे असावेत की रुग्णाला वाकून चष्मा सावरावा लागू नये. जुन्या वाड्यांतल्या शहाबादी फरश्या ओबडधोबड असतात. काटा एका जागी ६१ दाखवतो आणि हातभर सरकवला की ६१.८. म्हणून घरातली सर्वांत सपाट फरशी शोधून तिच्यावर काट्याच्या चार पायांच्या खुणा करून ठेवाव्यात आणि काटा तिथून हलवू नये. सतरंजीवर किंवा गालिच्यावर तर मुळीच ठेवू नये. महिन्यातून एकदा दहा किलोची न फोडलेली आट्याची पिशवी काट्यावर ठेवून पाहावी. आकडा दर महिन्याला तोच येत असेल, तर काट्यावर विश्वास ठेवता येतो.

आजकाल फोनला जोडले जाणारे ‘स्मार्ट’ काटे मिळतात. त्यांतले धातूच्या पट्ट्या असलेले काटे शरीरातील चरबी मोजण्यासाठी तळपायांतून अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह सोडतात, आणि पेसमेकर किंवा शॉक देणारे यंत्र बसवलेल्या व्यक्तींनी ते वापरू नयेत अशी सूचना उत्पादकच देतात. परदेशातल्या मुलाने प्रेमाने पाठवलेल्या काट्याच्या पुस्तिकेतले ते बारीक अक्षर कोणी वाचत नाही. पेसमेकर असेल, तर साधाच काटा घ्यावा.

रक्तदाबाचे यंत्र मनगटाचे न घेता दंडाचे घ्यावे आणि दंडाचा घेर मोजून त्या मापाचा पट्टा आहे ना, हे पाहावे. जाड दंडावर लहान पट्टा बांधला, तर रक्तदाब खोटाच वाढलेला दिसतो. पहिल्याच तपासणीला यंत्र सोबत नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून घ्यावे. ऑक्सिमीटरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. करोनाकाळात घेतलेला चालू असेल, तर तोच पुरतो. बोट गार असेल, नखांना रंग असेल किंवा नुकतीच गडद मेंदी काढलेली असेल, तर आकडा फसवा येऊ शकतो, आणि सावळ्या त्वचेवर ही यंत्रे प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त ऑक्सिजन दाखवण्याची शक्यता असते. मनगटी घड्याळातल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

सकाळची दहा मिनिटे

सकाळी उठल्यावर लघवी करून यावे, चहा घेऊ नये, आणि रोज साधारण त्याच कपड्यांत वजन करावे. आमच्याकडे त्यासाठी एक जुना लेंगा आणि बनियन काट्याशेजारच्या खुंटीवर असतो. थंडीतला स्वेटर आणि खिशातल्या किल्ल्या मिळून अर्धा किलो सहज होतो. तोल जाणाऱ्या रुग्णाने भिंतीला किंवा काठीला धरून वजन केले, तर आकडा कमी येतो, म्हणून कोणीतरी शेजारी उभे राहावे, पण स्पर्श करू नये.

वजनानंतर पाच मिनिटे खुर्चीत पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून आणि न बोलता बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा रक्तदाब घ्यावा. ज्यांची नाडी अनियमित आहे, म्हणजे ज्यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे, त्यांच्यात यंत्राचे आकडे वरखाली होतात, म्हणून तीनदा घेऊन सरासरी लिहावी. यंत्रावरचा नाडीचा आकडाही सोबत टिपावा. सकाळच्या गोळ्या या सगळ्यानंतर घ्याव्यात आणि मोजमापाची वेळ रोज शक्यतो तीच ठेवावी, म्हणजे आजचा आकडा कालच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

मग सूज. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटे वर, अंगठ्याने पाच सेकंद दाबावे आणि बोट काढल्यावर खड्डा राहतो का, हे पाहावे. खड्डा राहिला, तर तो रोज किती वरपर्यंत येतो, हे लिहावे. दिवसभर अंथरुणात पडून असलेल्या रुग्णाची सूज पायांऐवजी कमरेच्या मागच्या बाजूला उतरते, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

लक्षणांना घरगुती माप लावावे

‘दम कसा आहे?’ असे विचारले, की आमचे वडील वर्षानुवर्षे ‘ठीक आहे’ एवढेच सांगत. पर्वती चढण्याची सवय असलेला माणूस आपण जिन्यात थांबतो, हे कबूल करत नाही. म्हणून प्रश्न मोजता येतील असे हवेत. काल रात्री किती उशा घेतल्या? दोनच्या तीन झाल्या असतील, तर ती मोठी खूण आहे. झोपल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून जाग आली का? जिन्याच्या कोणत्या वळणावर थांबावे लागले, पहिल्या की दुसऱ्या? चपलेचा पट्टा लावायला खाली वाकल्यावर अर्ध्या मिनिटात दम भरला का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण वाकल्यावर लागणारा दम हृदयातला दाब वाढल्याचे चांगले लक्षण मानले जाते. आडवे झाल्यावर येणारा कोरडा खोकला, दोन घासांत पोट भरल्यासारखे होणे, लेंग्याची नाडी घट्ट होणे, ही पाणी साठल्याची चिन्हे असू शकतात आणि घरात ती ‘पित्त’ किंवा ‘गॅस’ या नावाखाली आठवडाभर दबून राहतात.

आमच्या आईने यावर स्वतःची युक्ती काढली. ती ‘कसं वाटतंय?’ असे विचारतच नाही. ‘अहो, आज टोपली खाली सोडू का, की तुम्ही जाताय भाजी आणायला?’ असे विचारते, आणि ‘सोड टोपली’ असे उत्तर सलग दोन दिवस आले, की मला फोन करते.

नोंद कुठे आणि वाचणारा कोण

नोंदीसाठी ॲप असले तर उत्तमच, पण कागद असलाच पाहिजे. पुण्यात दुरुस्तीच्या कामासाठी बहुधा गुरुवारी वीज किंवा पाणी बंद असते. वायफाय गेले म्हणून नोंद चुकली, असे होऊ नये. एका पानावर महिना मावेल अशा वहीत तारीख, वजन, रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन, उशा, सूज आणि ‘काल वेगळे काय झाले’ असे रकाने आखावेत. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी ठरतो, कारण लग्नातले जेवण, राहिलेली गोळी, जुलाब, प्रवास या सगळ्यांचे उत्तर पुढे तिथेच सापडते.

आता या लेखातला मुख्य मुद्दा. घरातल्या एकाच व्यक्तीला ‘आकडे वाचणारा’ म्हणून नेमावे आणि तिच्या गैरहजेरीत कोण, हेही ठरवावे. सहा जणांच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर आकडे टाकले, की सहाही जण अंगठा दाखवतात आणि विचार कोणीच करत नाही. वाचणाऱ्याने रोज आजचे वजन दोन आकड्यांशी ताडावे : तीन दिवसांपूर्वीच्या वजनाशी आणि ड्राय वेटशी. कालच्या वजनाशीच तुलना करत राहिले, तर रोजचा चार-पाचशे ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो. त्या श्रावणात आमचे नेमके तेच झाले. आणि साडेआठपर्यंत आकडा आलाच नाही, तर त्यालाही इशारा समजून लगेच फोन करावा.

मुले परदेशात आणि आईवडील कोथरूडमध्ये, हे चित्र पुण्यात घरोघरी दिसते. न्यूयॉर्कला असलेल्या मुलीला हे काम उलट सोयीचे पडते, कारण इथले सकाळचे साडेसहा म्हणजे तिथले, उन्हाळी वेळेनुसार, आदल्या रात्रीचे नऊ. पण नडगी दाबून पाहणे तिला जमणार नाही. म्हणून घराची जादा किल्ली असलेली, पायी पोहोचू शकणारी एक व्यक्ती, मग ती शेजारची काकू असो की इमारतीतला विश्वासू तरुण, या साखळीत हवीच.

कोणत्या आकड्याला काय करायचे

तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर डॉक्टरांना कळवावे, हा युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांतला नियम आहे. एका दिवसात किलो-दीड किलो वाढले तरी कळवा, असे अनेक डॉक्टर सांगतात. आपल्या डॉक्टरांनी दिलेली मर्यादा याहून वेगळी असेल, तर तीच पाळावी. बसल्या जागी नाडी १२० च्या वर किंवा ५० च्या खाली, वरचा रक्तदाब ९० च्या खाली आणि सोबत चक्कर, ऑक्सिजन ९० च्या खाली, या इशाऱ्याच्या मर्यादा आधीच कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात आणि या रुग्णासाठी त्यांत काही बदल हवा का, हे विचारावे. पंपिंगच्या औषधांवर असलेल्या अनेकांचा वरचा रक्तदाब १०० च्या आसपास असतो आणि त्यांना काही त्रास नसतो. आकडा कमी दिसला म्हणून परस्पर गोळी बंद करू नये.

वजन उतरले तरी सावध राहावे. एप्रिल-मेच्या उन्हात, जुलाब-उलट्यांत किंवा जेवण सुटल्यावर वजन ड्राय वेटच्या दोन किलो खाली गेले आणि उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पाण्याची गोळी आता जास्त होत असण्याची शक्यता असते. अशा दिवशी पाण्याची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी फोन करून विचारावे. मनाने थांबवू नये आणि गप्प बसून घेतही राहू नये.

डॉक्टरांना पाठवायचा निरोप असा असावा की त्यांना उलट प्रश्न विचारावा लागू नये. उदाहरणार्थ : ‘वय ७४, पंपिंग ३० टक्के, ड्राय वेट ६१. तीन दिवसांत ६१.४ वरून ६३.६. उशा एकऐवजी दोन, दोन्ही पायांवर घोट्यापर्यंत खड्डा. रक्तदाब ११०/७०, नाडी ८८, ऑक्सिजन ९५. पाण्याची गोळी रोज सकाळी एक, चुकलेली नाही. परवा लग्नाचे जेवण झाले. गोळी वाढवू का, की आज दाखवायला आणू?’ वहीच्या दहा पानांचे तिरपे फोटो पाठवण्यापेक्षा हे चार ओळींत मावते. फोनवरून सल्ला आणि औषध देण्याची चौकट २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी आखून दिली आहे. गरज वाटल्यास डॉक्टर प्रत्यक्ष यायला सांगतात आणि तेव्हा ‘फोनवरच सांगा ना’ असा आग्रह धरू नये. डॉक्टर कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या कक्षात, तीन तास असू शकतात, म्हणून दोन तासांत उत्तर आले नाही, तर कागदावरच्या दुसऱ्या क्रमांकाला फोन करावा.

विश्रांतीतही दम लागणे, ओठ निळसर होणे, गुलाबी फेसाळ कफ, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा अचानक असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसले, तर काटा, यंत्र, निरोप सगळे सोडून १०८ ला फोन करावा. रुग्णाला आडवे न करता पाय खाली सोडून बसवावे. स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याचे पुणेरी धाडस इथे करू नये. पेठांत राहणाऱ्यांनी गणपती विसर्जनाची मिरवणूक आणि पालख्यांचा मुक्काम यांच्या तारखा आधीच पाहून ठेवाव्यात, कारण त्या दिवशी लक्ष्मी रस्ता किंवा टिळक रस्ता ओलांडून रुग्णवाहिका आणणे अवघड असते. रुग्ण नुकताच घरी आलेला असेल, तर ते एक-दोन दिवस त्याला नातेवाइकांकडे हलवणेच बरे.

ताटातला आणि डब्यातला चोर

वजन वाढले, की सगळ्यांत आधी दोन गोष्टी तपासाव्यात : मीठ आणि गोळ्या. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या, म्हणजे चमचाभराच्या, आतच मीठ खायला सांगते. आपल्याकडे भाजी अळणी करून ताटात पापड, लोणचे आणि ठेचा वाढला जातो, आणि संध्याकाळी चहाबरोबर चिवडा येतो. उपवासाचे सैंधव हेही मीठच आहे. पित्तावर पाण्यात फसफसणारी पूड घेतली, तर तिच्यातूनही सोडियम पोटात जाते. आणि सर्वांत धोक्याचे म्हणजे ‘कमी सोडियमचे’ मीठ : त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वॉलसार्टन घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम त्याने घातक पातळीला जाऊ शकते. रोज शहाळे पाजणाऱ्यांनीही हे डॉक्टरांच्या कानावर घालावे. पाणी किती प्यायचे, याचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा, आणि त्यांनी मर्यादा घातली असेल, तर चहा, ताक, आमटी आणि कढी त्यातच धरावी.

गोळ्यांत दोन चुका नेहमी सापडतात. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन शरीरात पाणी धरून ठेवते आणि मूत्रपिंडांवर ताण आणते. दुसरी चूक म्हणजे बाहेर जायचे आहे, वाटेत स्वच्छतागृह सापडणार नाही, म्हणून पाण्याची गोळी वगळणे. कार्यक्रमाच्या दिवशी ती परत आल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, हे आधी विचारून ठेवले, तर ती वगळण्याची वेळ येत नाही. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम यांच्या रक्ततपासणीची तारीख वहीच्या त्याच पानावर लिहावी, कारण औषध बदलल्यानंतर एक-दोन आठवड्यांत ती करायची असते आणि नेमकी तीच विसरली जाते.

पैसे देऊन सेवा घ्यायची असेल, तर

पेसमेकर किंवा शॉक देणारे यंत्र बसवलेल्यांच्या यंत्रात अनेकदा दूरवरून माहिती पाठवण्याची सोय असते. त्यासाठी पलंगाशेजारी ठेवायचा छोटा संच किंवा फोनवरचे ॲप मिळते. ते मिळाले होते, पण खोक्यातच राहिले, असे एका नातेवाइकांकडे मी पाहिले आहे. यंत्र बसवणाऱ्या रुग्णालयाला ते सुरू आहे का, एवढा एक फोन करावा.

घरी येऊन यंत्रे लावणाऱ्या खासगी सेवांबाबत माहितीपत्रकापेक्षा प्रश्न महत्त्वाचे आहेत. आकडे पाहणारी व्यक्ती डॉक्टर आहे की नुसता प्रशिक्षित कर्मचारी? रविवारी आणि रात्री कोण पाहते? इशारा आल्यापासून किती मिनिटांत फोन येतो? आमच्या हृदयरोगतज्ज्ञांना तुम्ही कळवता की आम्हालाच ‘डॉक्टरांना भेटा’ असे सांगता? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या दृष्टीने आमची माहिती कोणाला देता? एका सेवेकडे मी दुसरा प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर मिळाले, ‘रात्री ॲप पाहतं.’ आम्ही ती घेतली नाही.

ड्राय वेट कायमचे नसते. भूक सुधारली, की खरे वजन वाढते, आजार लांबला, की स्नायू झिजून उतरते, आणि जुन्याच आकड्याला धरून बसले, तर पाण्याची गोळी नाहक वाढते किंवा साठलेले पाणी दिसत नाही. म्हणून दर तपासणीला ‘आता ड्राय वेट किती धरायचे?’ असे विचारावे आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. आमच्याकडे आता महिन्याचे पान उलटले, की दुधाचा हिशेब सुरू होण्याआधी आई नव्या पानाच्या डोक्यावर लाल पेनने तो आकडा आणि त्याखाली दोन किलो पुढचा आकडा लिहिते. या महिन्यात तिथे ५९.५ आणि ६१.५ लिहिलेले आहे.